दोन टक्क्यांची पीएच.डी.

दानाचा दर सरकारने ठरवून दिला, त्याला आता दशक उलटून गेलं. शेकडा दोन. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, अंमल १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटींची, नाहीतर उलाढाल १,००० कोटींची, नाहीतर निव्वळ नफा ५ कोटींचा, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजावर खर्च करायचे. कर्णाच्या काळी हे कलम नव्हतं, म्हणून बिचारा कवचकुंडलं सोलून देऊन बसला. आज असता तर त्याच्या सीएने सांगितलं असतं, एका कुंडलाचा कोपरा तोडून द्या, उरलेलं पुढच्या वर्षी 'चालू प्रकल्पा'त दाखवू.

पैसा थोडाथोडका नाही. पहिल्या वर्षी देशभरात १० हजार कोटींच्या आसपास खर्च झाला, २०२२-२३ पर्यंत तो ३० हजार कोटींच्या घरात गेला. त्यातून शाळांना बाकं मिळाली, दवाखान्यांना यंत्रं मिळाली, रस्त्याकडेच्या झाडांना कंपनीच्या नावाचे पिंजरे मिळाले. सगळ्यात मोठा लाभार्थी मात्र कुठल्याच वार्षिक अहवालात सापडत नाही. तो म्हणजे वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेचा संशोधक. त्याला विषय मिळाला.

त्याआधी त्याचे हाल होते. बचत गट झाले, सहकारी बँका झाल्या, व्हॅटचा किराणा दुकानदारांवरील परिणाम झाला. आणि मग आकाशातून पडावं तसं पडलं: 'अमरावती व अकोला जिल्ह्यांतील निवडक उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा चिकित्सक अभ्यास.' या शीर्षकाची खुबी अशी की जिल्हा बदलला की नवा प्रबंध. कालखंड बदलला की आणखी एक. 'शाश्वत व्यवसाय पद्धतींच्या विशेष संदर्भात' एवढं शेपूट जोडलं की गाइडच्या पुढच्या विद्यार्थ्याचीही सोय होते. कुणी म्हणेल, ही तर नक्कल. तसं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. या देशात दान दोन टक्के सक्तीचं आहे आणि उसनवारी दहा टक्के माफ आहे.

आता अडचण एकच. उद्योग कुठे आहेत?

अकोल्याची ओळख डाळ मिलची, तेल गिरण्यांची, जिनिंग-प्रेसिंगची. यातले बहुतेक कारखाने घरचे किंवा भागीदारीतले. कलम १३५ त्यांच्या दारावरूनही जात नाही. शिवणीच्या एमआयडीसीत प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्या संशोधकाला मालक चहा पाजतो आणि म्हणतो, "आमी गनपतीची वर्गनी देतो ना सर, थे धरा." अमरावतीला सातुर्णा, बडनेरा, नांदगाव पेठ. नांदगाव पेठेला मोठी नावं आहेत, पण त्यांची डोकी मुंबईत. गेटवरचा सुरक्षारक्षक नाव लिहून घेतो, एचआरवाला म्हणतो मुंबईले मेल टाका, मुंबईवाला म्हणतो वेबसाइट पाहा. वेबसाइटवर वार्षिक अहवाल असतो. त्यात सामाजिक उत्तरदायित्वाचं, म्हणजे सीएसआरचं परिशिष्ट असतं, शिवाय सेबीने मोठ्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा केलेला जबाबदारी आणि शाश्वततेचा जाडजूड अहवाल असतो. संशोधक तो उतरवून घेतो, त्याचं मराठी करतो, आणि त्याला 'प्राथमिक माहिती' म्हणतो. कंपनीने स्वतःबद्दल जे लिहिलं तेच कंपनीबद्दलचं संशोधन. तिला एवढ्या स्वस्तात जनसंपर्क अधिकारी दुसरीकडे मिळणार नाही.

'निवडक' उद्योगांत बंद पडलेले उद्योग कधी नसतात, हे लक्षात घेतलंय का कुणी? मुंबईची फिनले मिल अचलपुरात आली तेव्हा परतवाड्यापर्यंत पेढे वाटले गेले असतील. मार्च २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या थांबल्या, त्यात तीही थांबली. ती सुरू करा म्हणून कामगारांनी आंदोलनं केली. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल, यांच्या भोंग्यावर कधीकाळी अख्ख्या वस्त्या उठत-बसत. गिरणी चालू असताना बाकडं दिलं तर ते सामाजिक उत्तरदायित्व. गिरणी बंद करून शेकडो घरांची चूल अडली तर त्याला काय म्हणतात, हे कुठल्या प्रकरणात येतं? येत नाही. बंद गिरणी प्रश्नावली भरून देत नाही.

असो. प्रकरण दुसरं: संकल्पनात्मक चौकट. इथे वऱ्हाड संपतं आणि अमेरिका सुरू होते. १९५३ साली हॉवर्ड बोवेनने उद्योजकाच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवर पुस्तक लिहिलं. १३ सप्टेंबर १९७० ला मिल्टन फ्रीडमनने न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात लिहिलं की उद्योगाची जबाबदारी एकच, नफा वाढवणं. १९९१ मध्ये आर्ची कॅरोलने पिरॅमिड काढला: पायाशी आर्थिक जबाबदारी, त्यावर कायद्याची, त्यावर नीतीची, टोकावर परोपकार. हा पिरॅमिड प्रत्येक प्रबंधात असतोच, रंगीत. त्याचा सगळ्यात खालचा थर म्हणजे आधी नफ्यात या. कोरडवाहू कापूसवाल्याचा पिरॅमिड त्याच थरावर वर्षानुवर्षं अडून बसलाय, पण तो 'व्यवसाय' या व्याख्येत बसत नसल्याने बचावतो.

आणि मग जॉन एल्किंग्टन. माणसं, पृथ्वी, नफा अशा तिहेरी ताळेबंदाची संकल्पना याने १९९४ मध्ये मांडली. जगभर गाजली. पुढे २०१८ मध्ये याच गृहस्थाने हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख लिहून आपली ही संकल्पना जाहीरपणे परत मागवली. लोकांनी तिचा नुसता हिशेबाचा तक्ता करून टाकला, मुळात भांडवलशाहीबद्दल विचार व्हावा हा हेतू होता, असं त्याचं म्हणणं. मोटार कंपनी सदोष गाडी परत मागवते तसं. आमच्याकडे ती गाडी परत गेलेली नाही. इथल्या डीलरकडे अजून भरपूर स्टॉक आहे.

आता येऊ क्षेत्रभेटीकडे. ही प्रबंधातली सगळ्यात वाचनीय जागा असायला हवी होती, पण तिचे कोष्टकात तुकडे होतात. गावं निवडायची पद्धत असते 'सोयीस्कर नमुना निवड'. हे शास्त्रीय नाव आहे, माझा टोमणा नाही. म्हणजे डांबरी रस्त्यावरची दोन, आणि सासुरवाडीच्या बाजूची तीन. समजा दर्यापूर-अकोट पट्ट्यातलं गाव. पारावर एक काका. समोर संशोधक, हातात पाच पर्यायांची प्रश्नावली. रेन्सिस लिकर्टने १९३२ साली ही मोजपट्टी काढली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे वऱ्हाडी माणूस नव्हता, हे पुढच्या संभाषणावरून कळेल.

"काका, कंपनीच्या सामाजिक उपक्रमांमुळे आपल्या जीवनमानात सकारात्मक बदल झाला आहे. पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत?"

"कोन्ती कंपनी?"

"कोणतीही."

"बियान्याची का औषदाची?"

"नाही काका. सामाजिक उत्तरदायित्ववाली."

"थे काय इकते?"

"विकत नाही. देते."

"देते? मंग थे कंपनी नोय बावा, थे इलेक्शन होय."

"काका, आपल्या गावात पाण्याचं आरओ यंत्र बसवलं होतं ना?"

"बसवलं होतं ना. फोटोत म्याच हावो. थे पांढऱ्या टोपीवाला."

"मग फायदा झाला की नाही?"

"झाला ना. दोन उन्हाये मस्त पानी पेलो. मंग थ्याची जाई बुजली. कंपनीले फोन लावला त म्हने प्रकल्प पूर्ण झाला. आमचा झाला का थ्याह्यचा, थे नाई समजलं."

"मग काय लिहू? तटस्थ?"

"लिव्हा. आमी तटस्थच हावो. गेल्या सालच्या सोयाबीनपासून."

हे सगळं संभाषण संगणकात जाताना एक आकडा होतं: ३. अशा पन्नास काकांचे आकडे मिळवून सरासरी तीनच्या वर गेली की निष्कर्ष छापायला मोकळे: 'सामाजिक उत्तरदायित्व उपक्रमांचा ग्रामीण जीवनमानावर सकारात्मक परिणाम होतो; सबब शून्य परिकल्पना फेटाळण्यात येत आहे.' बुजलेली जाळी, टोपीवाला फोटो, 'आमचा झाला का थ्याह्यचा' हा सवाल, सगळं त्या तिनात जिरतं. त्या सवालात खरं तर अख्खा प्रबंध आहे. पण सवालाला काय-वर्ग चाचणी लावता येत नाही.

खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, जमिनीखालचं पाणी खारं. तिथे आरओ यंत्र देणं चूक नाही, गरजेचंच आहे. पण ते पुढे कसं चाललं हे मोजायचं कुणी? कायदा म्हणतो, प्रभाव मूल्यांकन करा. पण सक्ती कुणाला, तर ज्या कंपनीचं सीएसआरचं देणं सरासरी वर्षाला १० कोटी किंवा जास्त आहे तिला, आणि तेही १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं, प्रकल्प पूर्ण होऊन किमान वर्ष झाल्यावर. म्हणजे गावातलं यंत्र बंद पडल्याची अधिकृत नोंद व्हायची असेल तर यंत्र निदान एक कोटीचं हवं. मूल्यांकन करायचं 'स्वतंत्र' संस्थेने. तिची निवड कंपनीची, तिचा धनादेशही कंपनीचाच. तो खर्च सीएसआरच्या हिशेबातच टाकता येतो: २०२२ च्या दुरुस्तीनंतर एकूण सीएसआर खर्चाच्या दोन टक्के किंवा ५० लाख, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत. दोन टक्क्यांतले दोन टक्के. म्हणजे समाजाच्या पैशातून समाजाला पत्र की तुमचं बरं चाललं आहे.

निष्कर्षानंतर शिफारशी. त्या एकदा वाचल्या की पुन्हा वाचाव्या लागत नाहीत. कंपन्यांनी अधिक पारदर्शकता ठेवावी. शासनाने लक्ष घालावे. ग्रामस्थांमध्ये जनजागृती करावी. शेवटची मला फार आवडते. जाळी कंपनीची बुजली आणि जागृत काकांनी व्हायचं.

मग हे ज्ञान छापायचं कुठे? २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवल्यामुळे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत शिरलेल्या नियतकालिकांतली काही त्यांनी तपासली, आणि त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाला उतरली नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग नवी 'केअर' यादी आली, सगळ्यांनी केअर घेतली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. आता नियतकालिक चांगलं की वाईट हे संस्थांनी आपलं आपण ठरवायचं. ज्यांना प्राध्यापकाची बढती अडवायची नाही त्यांनीच नियतकालिक तपासायचं, अशी ही स्वावलंबनाची योजना. पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांत निघाली, पण प्राध्यापकांच्या बढतीची, म्हणजे 'कॅस'ची फाईल कुठे जाते? तिला निबंध लागतातच. म्हणून परिषदा. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय परिषद, विषय 'शाश्वत विकास: संधी व आव्हाने', नोंदणी शुल्कात जेवण आणि प्रमाणपत्र. आंतरराष्ट्रीय म्हणजे उद्घाटनाला कुणाचा तरी न्यू जर्सीतला भाचा झूमवर. त्याचं झोपायचं झालेलं असतं, आपल्या लोकांचं जेवायचं. जेवणात स्टायरोफोमच्या ताटल्या. कुणी बोलत नाही.

आता थोडं मागे जाऊ, कारण वऱ्हाडात दोन टक्क्यांचा इतिहास कलम १३५ पेक्षा फार जुना आहे आणि त्यावर एकही काका विचारला गेलेला नाही.

देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ १८८६ मध्ये आपल्या कारंज्याला झाली, लाडाच्या कारंज्याला. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटच्या ताब्यात. त्यानंतर १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा. इंग्रजांना शेतकऱ्याचा पुळका आला होता अशातला भाग नाही. लँकेशायरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस आणि बिनभानगडीचा सौदा हवा होता. पण कायदा करायची वेळ का आली? कारण बैलगाडी बाजारात शिरली की कापणी सुरू व्हायची, आणि ही कापणी शेतातली नव्हे. अडत, तोलाई, हमाली, कडता, नमुन्याच्या नावाने उचललेली कापसाची मूठ. आणि या सगळ्यांच्या रांगेत एक पवित्र कपात: धर्मादा. गोशाळेसाठी, देवळासाठी, पाणपोईसाठी. पुण्य व्यापाऱ्याच्या खात्यावर, कपात शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीवर. १९२८ च्या शाही कृषी आयोगापर्यंत देशभरच्या बाजारांतल्या या कपातींची तक्रार पोहोचली होती.

व्यापाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून कधी दिलंच नाही, असं म्हणणं कृतघ्नपणा होईल. अकोल्यातलं राधादेवी गोयनका महिला महाविद्यालय, तोष्णीवालांच्या नावाची वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयं, यांत वऱ्हाडातल्या कितीतरी पोरी-पोरं शिकली, आणि तेव्हा नफ्याचे दोन टक्के द्या म्हणून कुणी नोटीस काढली नव्हती. पण धर्मादा ही चीज वेगळी. तिच्यात देणारा एक आणि दानशूर दुसरा. आणि माझा मुद्दा एवढाच आहे की सीएसआरवरच्या संशोधनाने विचारायला हवा होता तो पहिला प्रश्न हा: हे दोन टक्के निघाले कुठून? कुणाच्या पट्टीतून? आपण दोन टक्के कुठे गेले हे शोधत बसतो. अठ्ठ्याण्णव कसे आले याला 'अभ्यासाची व्याप्ती' आड येते.

नांदगाव पेठचाच औष्णिक वीज प्रकल्प घ्या. आधी इंडियाबुल्स, आता रतनइंडिया. २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १,३५०. पाणी अप्पर वर्धेचं. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला हे धरण बांधलं सिंचनाच्या नावाने, आणि त्यातलं वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी या प्रकल्पासाठी राखलं गेलं. शेतकरी रस्त्यावर उतरले, प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं, आणि २०१५ पर्यंत पाचही संच उभे राहिले. आता समजा, अशा कुठल्याही प्रकल्पाने शेजारच्या गावाला पाच हजार लिटरची टाकी दिली. प्रबंधात टाकी येईल, टाकीचा फोटो येईल, सरपंचाचं आभारपत्र परिशिष्टात येईल. ८७.६ दशलक्ष घनमीटर म्हणजे पाच हजार लिटरच्या पावणेदोन कोटी टाक्या. त्या कुठे येतील? 'संशोधनाच्या मर्यादा' या शीर्षकाखाली, आणि तिथेही नाव न घेता.

अकोला जिल्ह्यातल्या पारसला महानिर्मितीचे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. तिचा पूर्ण वापर करा असा केंद्राचा नियम आहे, आणि राखेच्या विटा झाल्या की ती शाश्वतता. विटा व्हायच्या आधी वाऱ्यावर जी उडते ती निव्वळ राख.

कापसाकडे या, कारण कापसाशिवाय वऱ्हाडातलं लिखाण सुटं सुटं वाटतं. 'बेटर कॉटन' नावाचा जागतिक उपक्रम भारतात २०१०-११ पासून आहे, विदर्भातही आहे. पाणी जपा, फवारणी कमी करा, पोरांना कामाला लावू नका. हेतू उत्तम, बांधावर शिकवणारी पोरंही मनापासून राबतात. पण बरीच वर्षं त्याचा हिशेब वजनाच्या ताळेबंदावर चालला. कंपनीने जेवढ्या वजनाच्या बेटर कापसाची पत घेतली तेवढ्याचा दावा करायचा. प्रत्यक्ष शर्टात तोच कापूस असेल असं बंधन नाही. माग काढता येईल असा कापूस त्यांनी आणला तो २०२३ च्या अखेरीस. तोवर युरोपातला गिऱ्हाईक चांगुलपणा अंगात घालून फिरत होता आणि तो चांगुलपणा कुठल्या गाठीत आहे हे गाठीलाही ठाऊक नव्हतं. इकडे ऑगस्ट २०२५ मध्ये, आपल्याकडे बोंडं धरायच्या दिवसांत, केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उचललं, आणि सप्टेंबरअखेरची मुदत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत नेली. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळाला. त्या बचतीतून नफा झाला, नफ्यातून दोन टक्के निघाले, तर त्यातून जे बाकडं येईल त्यावर बसणाऱ्या पोराच्या बापाने त्याची किंमत किती मोजली? हा गणिताचा प्रश्न आहे, सुटणारा आहे. पण त्याला कंपनीचं परवानगीपत्र कोण देणार?

शाश्वत व्यवसायासाठी नांदगाव पेठेलाच पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली, २० सप्टेंबर २०२४ ला, पंतप्रधानांच्या हस्ते, वर्ध्याहून दूरस्थ. हजार एकर. तिथे कारखाने यायचेत. प्रबंधांचे आराखडे तयार आहेत.

संशोधन म्हणून सगळंच असं असतं का? मुळीच नाही. २००५ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयासाठी आणि २००६ च्या जानेवारीत इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रा यांनी राज्य सरकारसाठी शेतकरी आत्महत्यांवर अहवाल दिले. मिश्रांनी पश्चिम विदर्भात आत्महत्या झालेली घरं पाहिली आणि न झालेलीही पाहिली, दोन्ही ताडून पाहिली. पीक, कर्ज, लग्नं, दुखणी, सगळं. तिथे 'पूर्णतः सहमत'ची चौकट नव्हती. त्याच वर्षी १ जुलैला पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आणि त्या पॅकेजात निम्म्या अनुदानावर संकरित गायी आल्या. स्वतःच अन्नाला महाग झालेल्या माणसाच्या दावणीला दुधाची गाय. दिवसाला तिचं पोट मालकाच्या पोटापेक्षा जास्त मागायचं. लोकांनी त्या गायी विकल्या, परत नेऊन बांधल्या. संशोधन नीट झालं तरी पुढे सचिवालय असतंच.

आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ. २० ऑक्टोबर १९६९ ला स्थापन झालेलं, पंजाबराव देशमुखांचं नाव लावणारं. पीकेव्ही हायब्रीड-२, रजत, देशी कापसाचे एकेए वाण, ही त्याची पैदास. यावर चर्चासत्रं कमी झाली असतील, पण लोकांनी ती बोंडं वेचली. खुद्द पंजाबरावांचा प्रबंध वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर होता. विषय विलायतेत बसून लिहायचा, आणि माणूस परत आला तो अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना उघडा म्हणत. आता विषय घराशेजारचा असतो आणि माणूस देवळापर्यंतही जात नाही.

अमरावतीच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या गाडगेबाबांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, पंढरपूर-नाशकात धर्मशाळा बांधल्या, मुंबईत जे. जे.च्या शेजारी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बांधली. पैसा शेटजींकडूनच घेतला, खडसावून घेतला. स्वतः त्या धर्मशाळांच्या बाहेर झोपले आणि संस्थांत नात्यागोत्याला थारा दिला नाही. प्रशासकीय खर्चाची पाच टक्क्यांची कमाल मर्यादा आजच्या सीएसआर नियमांत आहे. बाबांच्या हिशेबात ती किती बसायची ते खराट्याच्या किमतीवरून काढता येईल.

तर ज्यांना विषय हवा असेल त्यांच्यासाठी एक फुकट देतो, गाइडशिप मागणार नाही. 'वऱ्हाडातील कापूस बाजारातील धर्मादा कपात ते कंपनी कायदा कलम १३५: देणारा कोण व दानशूर कोण, एक तुलनात्मक अभ्यास.' कालखंड १८८६ ते आजपर्यंत. नमुना निवड गैरसोयीची, म्हणजे डांबरी संपल्यावरची गावं. प्रश्नावली एकाच प्रश्नाची: पट्टीवर काय काय कापलं? जुन्या पट्ट्या घराघरांत आहेत, म्हाताऱ्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्यात, बोलायलाही तयार आहेत. आराखडा विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे, आरआरसीपुढे ठेवा. समितीतला कुणीतरी विचारेल की कंपन्यांची नावं कुठे आहेत, वार्षिक अहवाल कुठला वापरणार, आणि हा विषय वाणिज्यचा की इतिहासाचा. इतिहासवाले म्हणतील वाणिज्यचा. मग पुढची तारीख मिळेल, आणि त्या तारखेला कोरम नसेल.